कंस नसलेलं पान

"थांब, अक्षरा… पान कोणतं हाय?"

रुद्राणीचा आवाज असा काही चढला की बैठकीतल्या पाहुण्यांच्या हातातले कप जागीच थांबले. जळकोटच्या त्या घरात आज रुद्रेशचा, तिच्या धाकट्या भावाचा सत्कार होता. तालुक्याचा आदर्श शिक्षक ठरला होता तो. गळ्यात हार, मांडीवर नारळ, आणि समोर त्याचीच लेक, त्याच्याच वर्गात तिसरीत शिकणारी अक्षरा, मराठीचं पुस्तक हातात धरून धडा खडाखडा वाचत होती. कुठं अडखळणं नाही, थांबणं नाही. पाहुणे कौतुकानं माना डोलवत होते. मागं बसलेल्या आत्याला मात्र दिसलं, की पोरीनं एकदम दोन पानं उलटली आहेत आणि तरीही ती मागच्याच पानावरची वाक्यं म्हणते आहे. डोळे पुस्तकावर, बोट ओळीवर, आणि धडा सगळा तोंडपाठ.

रुद्राणीनं पुस्तक हातात घेतलं. धड्याच्या ओळींना पेन्सिलीनं कंस केलेले होते. हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हे दुसऱ्याचं. कंसातलं घोकलं की अभ्यास झाला.

"ही वाचत न्हाई, रुद्रेश. घोकलेलं म्हणती," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "लेकरांकडून कंस पाठ करून घेतलेस, अन् आदर्श झालास का रे तू?"

रुद्रेशचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "अक्का, तू दुकानात बस. मिरच्या जोखणं येगळं, लेकरं शिकवणं येगळं. मी डी.एड. केलंय, अन् माझ्या हिमतीवर केलंय."

माझ्या हिमतीवर… ते शब्द रुद्राणीच्या काळजात आरपार गेले. सत्तावीस वर्षांपूर्वी डी.एड.ला लातूरला नंबर लागला होता, तो तिचा! त्याच महिन्यात वडलांना, चन्नबसप्पांना लकवा मारला. आई आधीच गेलेली, किराणा दुकानाची फळी रोज कुणीतरी उघडायला हवी होती, आणि रुद्रेश तेव्हा दहावीला होता. "तू शीक, मी बसते," एवढंच ती म्हणाली आणि प्रवेशाचा कागद साखरेच्या डब्याखाली सारून मोकळी झाली. लग्न राहिलं ते राहिलंच. आणि हे सगळं त्याला ठाऊक होतं, तो कागद त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं तिनं पाहिली होती, पण असा माणूस आपल्याच हातानं वाढवला असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिनं दुकानामागच्या खोलीत आपली चूल वेगळी मांडली. भावजय शिल्पा रडत रडत मागं आली. "अक्का, लोक काय म्हणतील हो?"

"लोक काय, पाठ केलेलं तेवढं म्हणतील," रुद्राणी म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.

अपमानाचा राग तर होताच, पण त्याहून दाहक राग वेगळाच होता. आपण जी जागा सोडली ती एका चांगल्या मास्तरासाठी सोडली, असं ती आयुष्यभर मनाला समजावत आली होती; त्या एका समाधानावर तिनं सगळी उपेक्षा गिळली होती. आणि त्या जागेवर बसून हा पठ्ठ्या लेकरांच्या डोळ्यांना झापडं बांधत होता! मग आपलं आयुष्य नेमकं गेलं तरी कशापायी…?

चार दिवसांनी अक्षरा शाळेतून आली ती हळूच दुकानात शिरली. शिल्पानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. रुद्राणीनं पोरीपुढं पुड्या बांधायच्या रद्दीतलं एक पान टाकलं. गोष्टीचं होतं ते, निम्मंच, खालचा भाग जिऱ्याच्या पुडीला गेलेला. रुद्राणी स्वतः खरं वाचायला शिकली ती अशीच. शिक्षण सुटलं, पण गिऱ्हाईक नसलं की हाताला येईल ते पान ती वाचायची. गोष्ट हटकून अर्ध्यावर तुटायची, आणि मग पुडी बांधता बांधता पुढचं आपणच जुळवायचं, मागच्या ओळींना धरून. सत्तावीस वर्षं तिनं अर्ध्या गोष्टी वाचल्या होत्या.

"वाच. भरभर न्हाई, कळंल तसं."

अक्षरानं वाचलं, पहिल्यांदाच अडखळत, शब्दाला बोट लावून. 'म्हातारीनं दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या आणि ती दाराकडं कान देऊन बसली.' पुढं पान फाटलेलं.

"आता पुढं काय झालं असंल?"

पोरगी भांबावली. पानाच्या कडेला काहीतरी शोधू लागली. "आत्या, उत्तर कुठं हाय?"

"कागदावर न्हाई. तुझ्या डोक्यात हाय."

ओळ पुन्हा बोटानं वाचून ती म्हणाली, "कुणीतरी येणार असंल."

"कशावरून?"

"भाकरी जास्तीच्या टाकल्या की तिनं."

रुद्राणीनं तोंड फिरवलं. किती वर्षांनी तिच्या डोळ्यांत असं पाणी आलं होतं, कोण जाणे. त्या दिवसापासून रोज एक पान, आणि प्रत्येक उत्तरावर आत्याचं एकच ठरलेलं, कशावरून? रुद्रेशशी मात्र ती महिनाभर एक शब्द बोलली नाही. तो दारावरून मोटारसायकल काढायचा, तेव्हा ती मुद्दाम पाठ फिरवून मापं पुसत बसायची.

मग एका दुपारी त्यानं अक्षराला दुकानापुढं उतरवलं आणि गाडीवरून न उतरता तसाच शाळेकडं परत फिरला. अक्षरा धावतच आत आली.

"आत्या, आज तपासणीच्या बाई आल्या होत्या. त्यांनी पुस्तकातली न्हाई, येगळीच गोष्ट वाचायला दिली. समद्यांनी वाचली. मग बाईंनी इचारलं, शेळी परत घरी कामून आली? तर कुणालाच येईना. बजरंग म्हणला, बाई, ह्यात कंसच न्हाईत."

रुद्राणीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. वर्गातली एकतीस लेकरं कागदावर कंस शोधताना तिला दिसली आणि तिच्या मुठी आवळल्या. "अन् तू?"

"मी सांगितलं. तिचं करडू घरीच बांधलेलं होतं, वरच्या ओळीत हाय ते. बाई म्हणल्या, असं कुणी शिकवलं? मी म्हणले, आत्यानं, दुकानात." पोरीनं दप्तर खाली ठेवलं. "पप्पा पुढं आले. मग म्हणले, माझी मोठी बहीण हाय ती. डी.एड.ला तिचा नंबर लागला होता, माझ्यासाठी सोडला तिनं. अन् मग ते रडले, आत्या. समद्या पोरांपुढं."

दिवस कलल्यावर रुद्राणी उठली, स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

दिवेलागणीच्या आधी रुद्रेश आला. हातात शाळेची मोठी पिशवी, बोटं खोडरबराच्या चुऱ्यानं माखलेली. फळीजवळ तो तसाच उभा राहिला, लहानपणी मार खाऊन आला की राहायचा तसा.

"एकतीस पुस्तकं हायत, अक्का. समदे कंस खोडले. आता पुढं कसं शिकवावं, मला म्हाईत न्हाई."

"हिमतीवर शिकलास ना? हिमतीला इचार."

"तो कागद मी वाचला होता," तो खाली बघत म्हणाला. "दरसाल ठरवायचो, आज अक्काला बोलावं. लाज वाटायची. अन् त्या लाजेचा राग तुझ्यावरच काढला… सत्काराच्या दिवशी तर लई काढला."

"सत्तावीस वर्षं, रुद्रेश!" तिचा आवाज फाटला. "एक शबूद तरी बोलायचास. मी काय तुझी इस्टेट मागत होते का? मी सोडलं ते वाया गेलं न्हाई, एवढंच ऐकायचं होतं मला. अन् तू काय ऐकवलंस? मिरच्या जोख म्हणून." तिनं पदर कंबरेला खोचला. "ह्या डोळ्यातल्या पाण्याकडं बघू नको. मी तुला माफ केलेलं न्हाई."

रुद्रेशनं मान हलवली आणि पिशवी उचलून तो माघारी वळला.

"पप्पा, जाऊ नका," अक्षरा पोत्यावरून उठली. "आत्याचा राग गेलाय."

"कशावरून?" रुद्राणी सवयीनं कडाडली.

अक्षरानं स्टोव्हकडं बोट दाखवलं. "तुम्ही यायच्या आधीच तिनं दोन कप मांडलेत. अन् मी चहा पीत न्हाई."

रुद्राणीनं कपांकडं पाहिलं. मग रागारागानंच डोळे पुसले, चहा गाळला आणि एक कप भावापुढं सरकवला.

"पी," ती म्हणाली. "अन् पुस्तकं काढ बाहेर."