चंद्रावरचं दही का बिघडलं?

चंद्रावरच्या वस्तीत शेळ्या पाळतात. तिथे सगळ्यांचंच वजन इतकं हलकं होतं, की उडी मारलेली शेळी छताला टेकते, जरा विचार करते आणि मगच खाली उतरते. दूध काढायला शिडी लागते. खोटं वाटत असेल तर जाऊन बघून या.

तर झालं असं, की त्या दुधाचं दही काही धड लागेना. कधी झकास कवडी पडे, तर कधी सकाळी भांड्यात नुसतं दूधच.

"हा खटपट्या वेंधळा आहे!" शलाकाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. खटपट्या म्हणजे स्वयंपाकघरात दूध तापवणारा यंत्रमानव. वस्तीप्रमुख मंजिरीताईंनी ठरवलं, उद्याच्या यानातून त्याला पृथ्वीवर परत पाठवायचं. तिकडे त्याचे सुटे भाग करणार होते.

शलाकाचे अण्णाआजोबा जिवाणूंचे (डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा जीवांचे) अभ्यासक. त्यांनी नातीला जवळ बसवलं.

"चूक कुणाची ते राहू दे. दही छान लागलं, त्या संध्याकाळी काय काय होतं?"

"शेळीचं दूध, आपलं विरजण, तेच भांडं, खटपट्या."

"आणि बिघडलं तेव्हा?"

"दूध, विरजण, भांडं..." शलाका अडखळली. "आणि खटपट्या."

"मग जे दोन्हीकडे सारखं आहे, त्याने फरक कसा पडेल गं? एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं काहीतरी शोध."

शलाकाचे कान तापले. बिघडलेल्या प्रत्येक संध्याकाळी विरजण लावायची पाळी तिची होती. उड्यांच्या खेळाला पळायची घाई! दूध उकळून उतरवलं, की लगेच विरजण टाकून ती पसार व्हायची. तिला आतून शंका होतीच. म्हणून तर खटपट्याचं नाव तिने इतक्या झटकन घेतलं होतं.

"एवढ्यावरून खात्री नाही होत," ती पुटपुटली.

"शाबास! मग करून बघ."

तिने दोन वाट्या घेतल्या. दूध तेच, विरजण तेवढंच, जागा एकच. एका वाटीत दूध कढत, दुसरीत कोमट. कोमट वाटी हा नियंत्रण नमुना (ज्याच्याशी तुलना करायची तो नेहमीसारखा नमुना). सकाळी कोमट वाटीत चमचा उभा राहील असं दही होतं. कढत वाटीत दूधच. दही करणारे जिवाणू त्यात होरपळून मेले होते.

वाट्या घेऊन ती स्वयंपाकघरात धावली. खटपट्या स्वतःचा डावा हात काढून खोक्यात नीट भरत होता.

"तुला माहीत होतं?"

"माझ्या बोटात तापमापी आहे, शलाकाबाई."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. 'यंत्र स्वतःला वाचवायला थापा मारतंय,' असं तू म्हणालीस. सगळे हसले."

त्या हसण्यात तिचंच हसू सगळ्यात मोठं होतं, हे शलाकाला आठवलं. खटपट्या रागावला असता तर बरं झालं असतं. तो तर खोक्याचं झाकण कुठे गेलं ते शोधत होता.

नाश्त्याच्या वेळी तिने दोन्ही वाट्या मंजिरीताईंपुढे ठेवल्या आणि सगळं समजावून सांगितलं.

"मग कढत दुधात विरजण टाकलं कुणी?" मंजिरीताईंनी विचारलं.

"मी," ती वाट्यांकडे बघत हळूच म्हणाली. तिने पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मीच. आणि नाव याचं घेतलं. खटपट्या, माझं चुकलं."

शलाकाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण थेट पृथ्वीवर पडावं.

"खटपट्या इथेच राहील," मंजिरीताई म्हणाल्या. "आणि शलाका, विरजणाची पाळी तुझीच राहील."

शिक्षा झाली असती तर मान वर करणं सोपं गेलं असतं. तेवढ्यात खटपट्याने विचारलं, "आणि दूध गार असेल तर?"

आजोबा मिशीतल्या मिशीत हसले. खाली घातलेली मान तशीच ठेवून शलाकाने तिसरी वाटी घेतली, तीत गार दूध ओतलं आणि बाकी सगळं अगदी तसंच ठेवलं.