शेकाट्यांची अंडी आणि आबांचा साहेब

"थांबा! पाय खाली टेकवू नका!"

मी एका पायावर उभी. डोक्यावर काकड्यांची पाटी, आणि समोर घोटाभर चिखलात एक परका माणूस, गळ्यात दुर्बीण.

"साप?" मी डोक्यावरची पाटी घट्ट धरली.

"नाही... अंडी."

अंडी! असा संताप आला मला! खाली पाहिलं, तर वेलाशेजारी मातीच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी. वर शेकाट्यांचा जोडा ओरडत घिरट्या घालत होता, लांब लाल पाय मागे सोडून.

"अंड्यांसाठी बाईमाणसाला असं घाबरवतात का हो?"

"पण तुम्ही एका पायावर छान उभ्या राहता. अगदी पाणपक्ष्यासारख्या—"

मेला! म्हटलं मी, पण मनातल्या मनात.

त्याचं नाव अभिमन पाटील, आमच्यातलाच. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात शिकवायचा, आणि रविवारी पहिल्या एस.टी.नं धरणगावला उतरून आमच्या तलावावर पाखरं मोजायला यायचा. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या वडिलांना, आबांना, मात्र कुणी काहीच सांगितलं नाही.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तलावाच्या उघड्या गाळात आम्ही टरबूज-काकडी लावायचो. जमीन सरकारी, परवाना दरवर्षी नवा. त्यामुळे हातात वही घेऊन बांधावर फिरणारा माणूस म्हणजे आबांच्या लेखी एकच!

"कमल, पाटबंधारेना सायेब शे तो. चांगलं टरबूज काप!"

मी कापलं. गप्प बसले. पाखरं मोजणाऱ्या रिकामटेकड्याला आबांनी बांधावर उभं केलं नसतं, आणि मला तर तो यायला हवा होता. रविवार उजाडला की मी दोनदा वेणी घालायची.

"आज किती मोजली?" मी विचारायची.

"एकशे चार. मग तुम्ही आलात... आणि चुकलो."

चौथ्या रविवारी मी त्याला सांगितलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यावलचे केळीवाले मला बघायला येणार आहेत. त्यानं दुर्बीण खाली ठेवली.

"तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनातलं... तुम्हाला दिसत नाही? एवढी दुर्बीण असून?"

तो हसला नाही. "मग मी आत्ताच आबांशी बोलतो."

"नको! ते तुम्हाला साहेब समजतात. म्हणून तर टरबूज मिळतं दर रविवारी!"

त्याचा चेहराच उतरला. "आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"खरं कळलं तर हाकलून देतील तुम्हाला."

"देऊ देत. पण खोटा साहेब होऊन मागणी घालू कशी?"

मागणी! माझ्या हातातला विळा खाली पडला. तोवर तो आबांसमोर जाऊन उभाही राहिला होता. मी धावत पोचले, तर त्याचं सगळं सांगून झालेलं: मास्तर आहे, पाखरं मोजतो, तुमची कमल आवडते.

आबांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"सायेब नही शेतस तुम्ही?"

"नाही, आबा."

"आरे देवा! सायेब शे म्हनीसन मी इतला दिन गप ऱ्हायनू. सायेबले 'मन्ही पोर करी ल्या' कसं म्हनू?" आबांनी त्याचा दंड धरून त्याला सावलीत बसवलं. "आखाजीले मायबापले संगे लई या."

यावलला त्यांनी त्याच संध्याकाळी नकार कळवला.

म्हणजे महिनाभर तोंड मिटून मीच माझं लग्न अडवून बसले होते! कपाळावर हात मारून घेतला मी. अभिमन माझ्याकडे बघून हसत होता, आणि खरं सांगते, इतकी सुखी मी त्याआधी कधीच नव्हते.