बापूसाहेबांचा होकार

"अजून किती राहिले गं?" पिना मारून मारून सम्राटचा अंगठा दुखायला लागला होता.

"वीस! सुट्टीत काम पाहिजे म्हणून तूच मागे लागलास ना?" तेजश्री हसली.

तेजश्री, तिची मैत्रीण गौतमी आणि गौतमीचा भाऊ सम्राट दिवाळीच्या सुट्टीत वरवंडहून मोराच्या चिंचोलीला आले होते. गौतमीची जाईमावशी तिथं पर्यटकांना पिठलं-भाकरी वाढायची. कालपासून पुण्याच्या एका कंपनीचा हृतिकदादाही तिच्याकडेच उतरला होता. विजेवर उडणारी हवाई टॅक्सी आली, तर पर्यटक तिच्यात बसून वरून मोर-डोंगर बघतील का, हे त्याला विचारायचं होतं. 'हो' म्हणणारे पुरेसे निघाले, तर टॅक्सी ओढ्याकाठी, जिथं मोर यायचे त्या माळावर उतरणार होती. भरलेले फॉर्म त्यानं पिना मारायला मुलांकडे दिले होते.

"एकही 'नाही' नाही?" गौतमी थबकली. "आणि हे बघा! बापूसाहेब, पाटस. 'खूप आवडेल!' अरे, त्यांनी मावशीकडे जेवण सांगितलं होतं, पण गाडी वाटेतच बंद पडली. ते आलेच नाहीत!"

तिघं मावशीच्या जेवणाच्या नोंदवहीकडे धावली. वहीतली नावं त्याच क्रमानं फॉर्मवर उतरली होती! म्हणजे हृतिकदादानं कुणाला विचारलंच नव्हतं!

"चार वाजता त्याच्या कंपनीच्या सीमामॅडम फॉर्म न्यायला येणार," सम्राट म्हणाला. "तोवर आपणच विचारू!"

सुरुवातीला कुणी थांबेचना. मग तेजश्रीनं पाण्याची कळशी घेतली. पाणी पिता पिता लोक बोलू लागले.

"मी शिडीवर चढत न्हाई, आन् हवेत कुठं जाऊ?" नातवंडांबरोबर आलेले सावळारामआबा म्हणाले.

सणसवाडीचा एक कामगार हसला, "पहले तुम बैठो, फिर हम!"

लिंबाखाली खाटेवर एक आजी बसल्या होत्या. मुलं पुढं निघाली, तोच हाक आली, "मला न्हाई व्हय विचारायचं?"

त्या पुतळाबाई. "गुडघं गेलं माझं. समदी मोर बघाया गेली, मी हितंच. मला न्या की वर! पर ती टॅक्सी लांब उतरवा गं. मोर बुजलं तर बघायचं काय?"

गौतमीनं शब्दन् शब्द लिहून घेतला.

चार वाजता हृतिकनं गठ्ठा मॅडमच्या हातात ठेवला.

"मॅडम," गौतमी पुढं झाली, "बापूसाहेबांना भेटायचंय? त्यांना टॅक्सी फार आवडलीय!"

"अरे वा! बोलवा की!"

"कसं बोलवणार? ते गावात आलेलेच नाहीत!"

हृतिकची मान खाली गेली. "चुकलो, मॅडम. काल दिवसभर फिरलो, कुणी उभंच करेना..."

"आमचंही तसंच झालं, दादा," तेजश्री हळूच म्हणाली. "पाणी दिल्यावर बोलले."

सीमामॅडमनी मुलांची वही वाचली. एकवीस हो, नऊ नाही, बारा जणांचं 'आधी दुसऱ्यांना बसू दे'. आणि जवळजवळ प्रत्येकाला मोरांची काळजी!

"माळाचा विचार रद्द. जागा लांब शोधू," त्या म्हणाल्या. "शाब्बास! आम्हा मोठ्यांना जमलं नाही, ते तुम्ही केलंत. हृतिक, उद्या पुन्हा पहिल्यापासून!"

"पोरं गुणाची हायत माझी!" जाईमावशीनं तिघांच्या पाठीवर हात फिरवला. "पर एक सांगा, मला कुणी विचारलं का?"

"मावशी, तू बसशील?" सम्राट ओरडला.

"न्हाई तर काय! जल्मभर खाली मान घालून भाकरी थापली. एकदा वरनं बघू दे की गाव!"

हृतिकनं घाईघाईनं कोरा फॉर्म काढला आणि चुलीशेजारी मांडी घालून बसला. "सांगा मावशी, पूर्ण नाव?"