एक तास अठ्ठावन्न मिनिटं

मी छापील किमतीला काहीच घेत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि पोटापाण्याचा उद्योगही. पाताळगंगेच्या एमआयडीसीत रंग बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या खरेदी विभागात मी बारा वर्षं काढली. ड्रम असोत नाहीतर पुठ्ठ्याची खोकी, तीन कोटेशनं मागवायची, तिघांना एकमेकांच्या नावानं घाबरवायचं आणि शेवटी चौथ्याकडून घ्यायचं. नवीन पनवेलमधल्या आमच्या सेक्टरचा भाजीवाला मला लांबून बघितलं की भाव आधीच उतरवून सांगतो. त्यामुळे जूनच्या अखेरीस कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाचा मोठा सेल लागला, तेव्हा मी बाह्या सरसावून बसले.

गेम माझ्यासाठी नव्हते. पप्पांसाठी होते, आणि त्यांच्या उजव्या हातासाठी.

माझे पप्पा, राफेल आपटेकर, एकाहत्तर वर्षांचे. गोदीत ड्राफ्ट्समन होते, उभं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं. नोव्हेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्याभरात सुधारला, जीभही सुधारली, म्हणजे टोमणे पूर्ववत सुरू झाले. पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. आणि त्या हातापायी पप्पा घरात अडकले, कारण आमच्या दाराची मेझुझा.

आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आमच्या दाराच्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, एक छोटी पितळी डबी तिरकी बसवलेली असते. आत शास्त्रातली वचनं लिहिलेला चामड्याचा कागद. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची. पप्पांनी हे सत्तर वर्षं उजव्या हातानं केलं होतं. डाव्या हातानं केलं तरी चालतं, हे मी त्यांना सांगून दमले. "पाहुण्याशी डाव्या हातानं हात मिळवतेस का गं?" एवढंच ते विचारायचे. मेझुझेला हात लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, म्हणून सात महिने ते बाहेर पडलेच नाहीत. सिनेगॉग बंद, बाजार बंद, खालच्या बाकावरच्या गप्पा बंद. माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत होता, आणि मला काही करता येत नव्हतं. सप्टेंबरात आमचा नव्याचा सण, म्हणजे नववर्ष. त्या दिवशी पप्पांनी उजव्या हातानं मेझुझेला शिवून घराबाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं.

"ताई, काका व्यायामाला कंटाळलेत," आमचा फिजिओथेरपिस्ट प्रणित म्हणाला. "माउसवर चालणारा एखादा गेम द्या. सावकाश खेळायचा, एका हाताचा. बोटं आपोआप कामाला लागतील."

रविवारी दुपारी मी कामाला लागले. सेलमध्ये हजारो गेम. मारामारीचे काढले, घाईचे काढले, दोन्ही हात लागणारे काढले. उरले अकरा. प्रत्येकाची किंमत, सूट, लोकांचे अभिप्राय, सगळं ऑफिसात करतो तसं कोष्टक मांडलं. त्या दुकानाचा एक नियम तर माझ्यासाठीच केला असावा. गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करा, सगळे पैसे परत घ्या.

"ताई, आजाऱ्याला बरं करायलासुद्धा तू डिस्काउंट मागतेस," माझा धाकटा भाऊ नोम फोनवर म्हणाला. तो इस्रायलमध्ये अशदोदला असतो, तिकडून टोमणे मारायला त्याला काय जातंय!

पहिला गेम स्वयंपाकाचा. "जन्मात चहा केला नाही, आता कांदे चिरू?" पप्पा म्हणाले. परत. दुसरा ट्रक चालवायचा. "यापेक्षा आपला गोवा हायवे बरा." परत. तिसऱ्यात चित्रांचे तुकडे जोडायचे होते, तो खेळता खेळता ते झोपले. चौथा मी कोष्टकात घेतलाच नव्हता. परताव्याची पावती बंद केली आणि तो समोर आला. सूट शहाण्णव टक्के. किंमत एका कटिंग चहाएवढी. कुणी बनवला त्याचं नाव नाही, अभिप्राय एकही नाही. बिननावाच्या पुरवठादाराकडून खिळासुद्धा घ्यायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते. पण शहाण्णव टक्के म्हणजे शहाण्णव टक्के! चित्रात एक नदी होती, एक होडी, आणि खाली एकच ओळ. पलीकडच्यांना अलीकडे आणा.

प्रणितनं पप्पांची बोटं माउसवर ठेवून वरून सैलसर पट्टी बांधली आणि सुरुवातीला डाव्या हातानं उजवा हलवायला सांगितलं. पडद्यावर गढूळ नदी, काठाला एका अंगानं फुटलेला खडक. पलीकडच्या काठावर बोटभर उंचीच्या करड्या आकृत्या उभ्या. दोन्ही काठांना बांधलेला दोर. बटण दाबायचं, दोर धरला जातो. माउस आपल्याकडे खेचायचा, होडी वीतभर पुढे येते. बटण सोडायचं, पुन्हा दाबायचं. काठाला होडी लागली की एक जण उतरतो, आपल्या दिशेनं चालत येतो आणि पडद्याच्या खालच्या कडेशी दिसेनासा होतो. गुण नाहीत, संगीत नाही. फक्त दोराची करकर.

पप्पा दोर ओढत राहिले. पाऊण तासानं मी चहा घेऊन आले तेव्हा त्यांची तर्जनी हलत होती. स्वतःहून. मी कप तिथेच पुस्तकांवर ठेवला आणि तोंडावर हात धरून उभी राहिले. आठ महिने होत आले होते त्या बोटाला!

मग रोज पाच वाजता खेळ सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात मनगट, जुलै संपता संपता कोपर. पट्टी निघाली. प्रणित दर वेळी मोजमाप घ्यायचा आणि मान हलवायचा. "असं पुस्तकात नाही, ताई." मी कॉलर ताठ करून ऑफिसात फिरत होते. वहीत प्रगती, घरात हसू, आणि हे सगळं एका कटिंगच्या भावात.

एक गोष्ट मात्र मी उशिरा पाहिली. दुकानाच्या पानावर प्रत्येक गेमखाली किती वेळ खेळला ते लिहिलेलं असतं. ह्याच्याखाली लिहिलं होतं, एक तास अठ्ठावन्न मिनिटं. रोज दीड तास, पाच आठवडे खेळून. मी पान पुन्हा उघडलं. एक तास अठ्ठावन्न मिनिटं. दुसऱ्या दिवशीही तेच. खरं सांगते, मला आनंदच झाला. महिनाभर वापरून पैसे परत मिळतील अशी वस्तू, खरेदी खात्यातल्या कुणाच्या नशिबात आली होती आजवर?

मग एक दिवस पप्पा खेळता खेळता म्हणाले, "ती हिरव्या लुगड्यातली आजपण मागेच राहिली. कडेवरचं पोर सोडत नाही ती."

मी चष्मा लावून पडद्याजवळ गेले. सगळ्या आकृत्या करड्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढी डोकी, लुगडं कुठलं आणि पोर कुठलं.

"पप्पा, मला नाही दिसत."

"आपटं आहे हे," ते म्हणाले. "तो खडक बघ ना." आमचं आडनाव आपट्यावरून आलेलं, पण आमचं तिथे घर नाही, शेत नाही. पप्पांनी ते गाव पाहिलं असेल तर गाडीच्या खिडकीतून.

माझी कंपनी आपट्याहून फार लांब नाही. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर मी रिक्षा करून नदीवर गेले. पाताळगंगा भरून वाहत होती. काठावर एक खडक होता, वरून सपाट, एका अंगाला फुटलेला. गेममधल्यासारखाच फुटलेला. शेजारी गुरं वळणारा एक म्हातारा उभा होता. काशिराम नाव सांगितलं त्यानं.

"इथे कधी दोराची होडी होती का हो?"

"व्हती म्हनं. माज्या आज्याच्या बी आदी. ह्या काठाला एक मानूस वढायला ठेवलेला. तो एकाएकी गेला, मंग कोन नाय वढला."

"आणि पलीकडची माणसं?"

म्हातारा हसला. "आता ती बसली आसतील वाट बघत. तुमी कुनाच्यातल्या?"

"आपटेकर."

त्याचं हसू गेलं. "मंग तुमाला ठाव नाय व्हय? तो वढनारा तुमच्यातलाच व्हता." एवढं बोलून तो गुरांमागे निघून गेला. मी हाक मारली, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

घरी आले ती ठरवूनच. हे नको. भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून मी बूट न काढताच कॉम्प्युटरपाशी गेले. "पप्पा, हा गेम परत करते. दुसरा आणू, चांगला, पूर्ण किमतीचा आणू." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं यावरून काय ते समजा. परत करायच्या बटणावर मी बाण नेला.

माझं मनगट कुणीतरी धरलं.

पप्पांनी. उजव्या हातानं. पाची बोटं घट्ट, अंगठा वरून आवळलेला. मला कळ आली.

"सगळे आलेले नाहीत अजून," ते म्हणाले.

आणि मी रडायला लागले. भीतीनं नाही. ती पकड होती! प्रणितनं जिची आशा सोडली होती ती पकड. मी दुसऱ्या हातानं नोमला व्हिडिओ कॉल लावला, आणि पप्पांनी माझं मनगट तसंच धरून त्याला दाखवलं. तो तिकडे ओरडतो आहे, मी इकडे रडते आहे, पप्पा लबाड हसत आहेत. परत करायचं माझ्या डोक्यातून निघूनच गेलं. खोटं कशाला बोलू, मी ते काढून टाकलं.

सणाच्या आदल्या आठवड्यात पप्पांनी माउस बाजूला ठेवला. "झाले," म्हणाले. पलीकडचा काठ रिकामा होता. होडी आमच्या बाजूला लागलेली. दुसऱ्या दिवशी तो गेम माझ्या यादीत नव्हता, दुकानातही नव्हता, आणि न मागता पैसे परत आले होते. म्हणजे फुकट. माझ्या अख्ख्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी खरेदी, आणि ती फुकट!

सण सूर्यास्ताला लागणार होता. चार वाजता पप्पा पांढरा सदरा घालून तयार झाले. बटणं त्यांची त्यांनी लावली. प्रणित खाली रिक्षा थांबवून उभा होता. नोम फोनमध्ये होता. मी दार उघडलं आणि बाजूला झाले.

पप्पांनी उजवा हात उचलला. न थरथरता, सावकाश. कोपर, खांदा, मग बोटं. बोटं मेझुझेला टेकली. त्यांनी ती ओठांना लावली आणि डोळे मिटले.

"पप्पा!" नोम फोनमधून ओरडला. मी टाळ्या वाजवत होते. जिंकलो होतो आम्ही. दहा महिने, डॉक्टर, पुस्तकं, सगळ्यांना पुरून उरलो होतो.

पप्पा मात्र बाहेर पडले नाहीत. ते एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी उजव्या हातानं दार सताड उघडं धरलं.

"चला ना, रिक्षा थांबली आहे."

"आधी त्यांना आत येऊ दे."

जिना रिकामा होता.

मेझुझा खुट् वाजली. पितळेवर बोट टेकल्यावर वाजते तशी. आमच्या दोघांपैकी कुणाचाच हात तिथे नव्हता.

थोड्या वेळानं पुन्हा खुट्. मग पुन्हा.

पप्पा प्रत्येक वेळी किंचित मान लववत होते. घरी कुणी आलं की लववतात तशी.

माल उतरताना मोजायची मला सवय आहे. मी भिंतीला पाठ लावली, वाट दिली आणि मोजत राहिले. चौतीसपर्यंत आकडा गेला.

मग बराच वेळ काही नाही. मी श्वास सोडला.

तेवढ्यात चौकटीच्या लाकडावर, खाली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, कुणीतरी बोटं घासली. वर सरकली, पोचली नाहीत, खाली आली. पुन्हा वर सरकली.

पप्पा वाकले. उजवा हात त्यांनी हवेत, कशाच्या तरी खाली घातला. दंडाची शीर फुगली, सदऱ्याची बाही ताणली गेली. मग ते जपून, भार तोलत सरळ झाले आणि हात चौकटीपाशी नेला.

खुट्.

"वजन आहे गं," ते कौतुकानं म्हणाले, आणि हात खाली न सोडता आत गेले.