लहानू सरांचा प्रबंध

गंगापूर रोडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारात लहानू सर तिथल्या टायपिस्ट रंगूच्या झेंडूच्या पाटीला धडकले, ही रामरायाचीच योजना! फुलं वेचता वेचता त्यांनी विचारलं, "प्रबंध टाइप करून मिळेल?"

त्याला आता सात महिने झाले होते. प्रबंधाचं तेच प्रकरण पाचव्यांदा टाइप होत होतं. यंत्रावर ग्रीक अक्षरं नसत. रंगू तेवढी जागा कोरी सोडी, सर ती शाईने भरत… आणि भरून झालं की वाक्यच बदलत.

"अहो, ह्यात आहे तरी काय?" एका संध्याकाळी ती वैतागली. देवळात कीर्तन-सप्ताह चालू होता. बुवांसाठी ती हार ओवत बसली होती.

सर खुलले. "विद्युतभारित जड अणूंचा झोत. सगळे एकमेकांना दूर लोटणारे! पण इंधनाच्या गोळीवर आदळायचं एकाच क्षणी, तर सूर्यासारखी ऊर्जा. म्हणून पुढच्यांना हळू सोडायचं, मागच्यांना जास्त वेग—"

रंगूने पुढचं फूल धरलं, मागून बाकीची सरकवली. हार गच्च.

"एवढंच ना?"

"एवढंच…" सर तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"मग जरा वेग घ्या. रविवारी कळवणचे पाहुणे मला बघायला येताहेत."

सरांचा चेहरा उतरला. "होकार… देणार?"

"नको देऊ? कारण सांगा."

"शनिवारी सांगतो."

रंगूने कपाळाला हात लावला. काय हा माणूस!

शनिवारी सर तासभर उशिराच आले. हातात एकच कागद, अर्पणपत्रिका. इंग्रजीत एक ओळ : माझ्या पत्नीस… आणि पुढे कोरी जागा.

कार्बन घालून चार प्रती टाइप करता करता रंगूची बोटं थांबली. "लग्न झालंय तुमचं?"

"छे!"

"मग नाव कुठंय? ग्रीक आहे की काय ती?"

"नाशिकचीच आहे." सरांनी शाईपेन पुढे केलं. "पण ही जागा मी भरायची नाही… तुम्हाला वाटलं तरच, तुम्ही."

"सात महिने! आणि आज सुचलं?"

"मागच्यांना वेग—"

"पुरे!"

पेन हिसकावून तिने नाव लिहिलं. शाई कार्बनमधून उतरत नाही, म्हणून चारही प्रतींवर, एकेक करून.

"आता हे वाक्य बदललंत तर बघा! चला देवळात. माझे आबा पहिल्या रांगेत बसतात. मध्यंतरात बुवांना हार घालून कीर्तनाचा उत्तररंग सुरू होईल, त्याच्या आत त्यांना विचारायचं. तुम्ही!"

सर जिन्यावरून धावत सुटले. बुवांचा आजचा हार मात्र टेबलावरच राहिला होता. तो उचलून रंगू हसत त्यांच्यामागे निघाली.