शेजारणीचा वाडगा

सांगते, पण मधे हसायचं नाही. दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, प्रतापला नेव्हाडातल्या सोन्याच्या खाणीवर नोकरी लागली आणि पिस्कॅटवेसारखं गजबजलेलं गाव सोडून मी त्या उजाड माळावर जाऊन पडले. वारा, धूळ आणि कधीच वेळेवर घरी न येणारा नवरा. वैताग नुसता! त्यात मला दिवस गेलेले. आधी दोनदा आशा लागून मोडली होती, म्हणून या वेळी प्रतापलाही बोलले नव्हते.

एका सकाळी पायरीवर टवके उडालेला वाडगा दिसला. आत वाळवलेली सफरचंदं. टेकाडावर एकच घर होतं. लांब झग्यातली एक बाई तिथे सदा कपडे वाळत घालताना दिसायची. तिचाच असणार.

"रिकामं भांडं परत देऊ नकोस हं!" पिस्कॅटवेहून माझ्या मैत्रिणीने, नंदाने फोनवर बजावलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं! दिवेलागणीला शिरा भरून वाडगा तिच्या पायरीवर ठेवून आले. दार बंद होतं. आत कुणीतरी कपडे घासत होतं... साबणाचा उग्र वास येत होता.

दुसऱ्या दिवशी वाडगा पुन्हा हजर. त्यात पाव. मी पुऱ्या पाठवल्या. मग बटणं आली, मी सुईदोरा पाठवला. जसं येईल तसं द्यायचं, दुसरं काय? या बाईला कामधंदा नाही का, असं रोज पुटपुटायचे.

शेवटी प्रतापवर खेकसले, "तू तरी तिला सांग ना, बास म्हणावं!"

"कुणाला? अगं, टेकाडावर घर कुठाय? आपण यायच्या आधीच कंपनीने डिमॉलिश केलं. पायऱ्या तेवढ्या उरल्यात."

मी तणतणत वर गेले. पायऱ्याच होत्या. पुढे मोकळा माळ.

टेकाडावरच्या बाईबद्दल विचारलं तेव्हा दुकानातली म्हातारी डोरिस हळूच म्हणाली, "खाणीवर आलेली पहिली बाई ती. शंभर वर्षं झाली. कामगारांचे कपडे धुवायची. स्वतःची बाळंतपणंही एकटीनेच निभावली... एकही मूल जगलं नाही."

घरी आले तर पायरीवर वाडगा. आत लोकरीचा इवलासा मोजा. एकच. ओला, साबणाचा वास येणारा. मला दिवस गेलेत हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं! याच्या बदल्यात तिला काय हवंय ते मला कळलं.

वाडगा मी परत केलाच नाही. त्याच आठवड्यात प्रतापशी भांडून पिस्कॅटवेला परतले. नवा पत्ता त्या गावात कुणालाही दिला नाही. माझी लेक उत्तरा सुखरूप जन्मली, आता दीड वर्षाची आहे.

परवा संध्याकाळी ती दुडूदुडू पायरीवरून आत आली. एका पायात लोकरीचा मोजा होता. पाणी निथळत होतं.

आता तुम्हीच सांगा, त्या बाईला आमचा पत्ता दिला कुणी?