‘दुर्दैवी’ कामगाराचं कात्रण

लालबागच्या खोलीत शेवंतीबाई तावडे मरून पडल्या होत्या. चहाच्या कपात उंदराचं औषध, मुठीत वर्तमानपत्राचं जुनं कात्रण. बाईंना लिहिता येत नव्हतं. म्हणून चिठ्ठीऐवजी नवऱ्याच्या मरणाची बातमी. आत्महत्याच, असं सगळ्यांनी धरलं.

इन्स्पेक्टर सुचित्रा राणेंनी मात्र गिरगावातून जगदीश वैद्यांना बोलावलं. कात्रणावर नाव होतं ते दैनिक केव्हाच बंद पडलं होतं; त्याचे मुद्रितशोधक वैद्य तेवढे उरले होते.

जगदीशनी चष्मा पुसून वाचलं. १९७९. ‘दुर्दैवी कामगार गोविंद तावडे गिरणीच्या पट्ट्यात सापडून ठार.’ मागे सिनेमाची अर्धी जाहिरात.

“चुकत असेन मी... पण हे आमचं नाही.”

“कशावरून?”

“‘दुर्दैवी’ आम्ही रेशनवर द्यायचो, बाई. वकील मोटारीखाली गेला, दुर्दैवी. दादरची डॉक्टरीण स्टोव्हनं भाजली, दुर्दैवी. परळची भाजली तर ‘एक विवाहिता’. गिरणीत मेला तो ‘एक इसम’. संपादकांचा नियम. कामगाराला चुकून लागलंच, तर मी खोडायचो.”

“मग तावडेंना काय लावलं होतं?”

जगदीशनी कात्रण परत दिलं. “चाळीत विचारा.”

सकाळी खोलीत दोघंच येऊन गेले होते: शेजारच्या कौसल्याबाई आणि पुतण्या निलेश. त्याचं परळला बॅनर छपाईचं दुकान. चाळ पाडायच्या कागदावर काकी सही करत नव्हती.

“‘दारुडा कामगार’ छापलेलं,” कौसल्याबाई म्हणाल्या. “अख्ख्या चाळीला पाठ. शब्द काढा म्हणून शेवंती पेपरच्या हापिसात गेली होती.”

निलेशला वेगळं विचारलं.

“दुर्दैवी, असंच होतं. लहानपणी मे महिन्यात कणकवलीहून यायचो ना, तेव्हा काकी पेटीतून काढून दाखवायची. हेच कात्रण.”

“हे तुम्हाला दाखवणं शक्य नाही,” जगदीश हळूच म्हणाले. “खरं कात्रण तिनं माझ्या टेबलावर फाडलं. तुकडे मी केरात टाकले. जे नव्हतंच, ते तुम्ही दर मे महिन्यात पाहिलंत? चाळीतल्या माणसानं हा शब्द घातलाच नसता. त्याला खरा ठाऊक होता. चिठ्ठी बनवता येईना, म्हणून तुम्ही कात्रण बनवलंत. कुठल्यातरी जुन्या अंकावरून अक्षरांचा टाइप उचललात, पण त्या दिवसाचा अंक शोधायचे कष्ट घेतले नाहीत.”

निलेशनं कात्रणाकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या हवालदाराकडे.

“सहा महिने तिच्या पाया पडलो. एक सही रे!” तो जगदीशवर उसळला. “आणि मी निदान काकाला चांगलं लिहिलं. तुम्ही काय लिहिलेलं?”

त्याला खाली नेलं.

“‘दारुडा’ घातलं कोणी?” सुचित्रांनी विचारलं.

“मीच. गिरणीच्या मॅनेजरचा फोन आला, संपादक म्हणाले घाल. घातलं. ती सांगत होती, नवरा माळकरी आहे, थेंबाला शिवला नाही. मी म्हटलं, बाई, कामाची वेळ आहे.”

दारात कौसल्याबाई उभ्या होत्या.

“म्याडम, ह्याला नाय नेत?”

“ह्याला कलम नाही, मावशी.”